मेयोची बाटली ठेवा बाजूला, चक्का बांधा

मागच्या अंकात उन्हाळ्यातल्या कोशिंबिरी आणि सॅलडवर लिहिलं होतं. त्यावर जे प्रश्न आले त्यातले बरेचसे एकाच गोष्टीचे, की हॉटेलात सॅलडवर ते पांढरं, दाट, क्रीमी घालतात ते घरी कसं करायचं आणि जरा हलकं कसं करायचं. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, यावेळचं सगळं पान ड्रेसिंगला.

प्रश्न : ताई, घरात मुलं काकडी-गाजर नुसतं खात नाहीत, मेयोनीज दिलं की मात्र डिश साफ. बाटली आठवडाभरात संपते. मिस्टरांचं कोलेस्टेरॉल वाढलंय, डॉक्टरांनी तेल-तूप कमी करा सांगितलंय, पण तेही मुलांच्याच डिशमधलं खातात. मेयोसारखं लागेल पण एवढं तेल नसेल असं काही आहे का?
— एक आई, राजारामपुरी

उत्तर : आहे की! आणि त्यासाठी बाजारातून काही नवीन आणायचीही गरज नाही. पण आधी मेयो म्हणजे काय ते बघू, म्हणजे कमी नक्की काय करायचंय ते कळेल. मेयो करताना एका अंड्याच्या बलकात पाऊण ते एक वाटी तेल थेंबाथेंबानं घालत फेटतात, बलकातलं लेसिथिन तेलाला आणि आंबट पाण्याला (म्हणजे लिंबाला किंवा व्हिनेगरला) एकत्र धरून ठेवतं आणि मग ते घट्ट होत जातं. म्हणजे त्याचा दाटपणा मुळात तेलाचाच, तेल कमी केलं की ते पातळ होणार. अशा मेयोत 100 ग्रॅमला 70 ते 80 ग्रॅम फॅट असतं. एक मोठा चमचा म्हणजे साधारण 15 ग्रॅम, त्यात 100 च्या आसपास कॅलरी. मुलं गप्पा मारत तीन चमचे सहज संपवतात, म्हणजे 300 कॅलरी नुसत्या तोंडीलावण्यात गेल्या, आणि त्यानं पोट भरतं असंही नाही.

मग दाटपणा दुसऱ्या कशातून आणायचा? तर चक्क्यातून. दह्यातलं पाणी निथळलं की मागं राहतं ते दुधाचं प्रोटीन आणि थोडं फॅट, आणि त्या प्रोटीनमुळेच तो जिभेवर क्रीमसारखा लागतो.

अर्धा किलो ताजं, गोडसर दही घ्या. टोन्ड दुधाचं असलं तर उत्तम, त्यात 3 टक्केच फॅट असतं. मलमलच्या फडक्यात किंवा स्वच्छ धुतलेल्या पंच्यात बांधायचं, पुरचुंडी चाळणीत, चाळणी पातेल्यावर आणि सगळं फ्रीजमध्ये. खुंटीला टांगू नका, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलेलं दही बघता बघता आंबटढाण होतं कारण गरमीत विरजणाचे जंतू जोरात काम करतात, फ्रीजमध्ये ते मंदावतात. आणि श्रीखंडाला बांधतो तसं रात्रभर नको हं, तीन-चार तास बस. चमच्यात घेऊन चमचा उलटा केला की धपकन न पडता सावकाश सुटला पाहिजे, इतपत. खाली निथळलेली निवळी टाकू नका, ती पुढे लागणार आहे.

आता मोहरी. एक छोटा चमचा मोहरी खलबत्त्यात घ्या, दोन चमचे गार पाणी घाला आणि फेसा. आपल्या आज्या काकडीच्या कोशिंबिरीला फेसलेली मोहरी लावायच्या तीच ही. नाकात झणका गेला की समजायचं झाली, मग पाच-दहा मिनिटं तशीच ठेवा. लिंबू यावेळी अजिबात घालायचं नाही, कारण मोहरीचा तो झणका पाणी लागल्यावर तिच्यातल्या एन्झाइममुळे तयार होतो आणि आंबट लवकर पडलं की एन्झाइम थंडावतं, मग नुसती कडवट मोहरी हातात राहते. (फोडणीतल्या मोहरीला झणका नसतो तो पण याचमुळे, तेलाच्या उष्णतेनं एन्झाइमच जातं.) मोहरीचा दुसरा फायदा असा की ती तेल आणि पाणी वेगळं होऊ देत नाही, म्हणजे अंड्याचं काम थोडंफार तीच करते.

लसणाचं बरोबर उलटं. अर्धी पाकळी ठेचून लगेच त्यावर लिंबाचा रस घालायचा, त्यानं लसणाचा उग्रपणा बसतो आणि मुलं नाक मुरडत नाहीत.

आता जोडणी. चार मोठे चमचे चक्का घ्या आणि बारीक चाळणीतून घासून काढा, पुरणयंत्र असेल तर त्यातून काढा, श्रीखंडाचा चक्का काढतो तसाच. मिक्सर मात्र लावायचा नाही!! मिक्सरच्या पात्यानं दह्याची घडी मोडते आणि दोन मिनिटांपूर्वीचा दाट चक्का ताकासारखा वाहायला लागतो, मग कितीही फ्रीजमध्ये ठेवा तो आधीसारखा होत नाही. हातानं फेटा, काटा चमचा पुरतो. त्यात अर्धा छोटा चमचा फेसलेली मोहरी, लिंबातला लसूण, चिमूटभर गूळ किंवा साखर, मिरपूड, मीठ, आणि एक छोटा चमचा घाण्याचं शेंगतेल. फार घट्ट वाटलं तर तीच निवळी चमचा-चमचा घालून सैल करा. एका मोठ्या चमच्याला 20 ते 25 कॅलरी पडतात. मेयोचा चौथा हिस्सा.

तेल शून्य का करायचं नाही, असं तुम्ही विचाराल. दोन कारणं. एक म्हणजे चव, थोडं तेल असलं की मोहरी-लसणाचा वास जिभेवर टिकतो, नाहीतर नुसतं आंबट दही खाल्ल्यासारखं होतं आणि मुलं दुसऱ्याच दिवशी बाटली मागतात. दुसरं, गाजर-टोमॅटो-पालकातले कॅरोटिनॉइड्स, म्हणजे त्यातली पिवळी-लाल रंगद्रव्यं, फॅटमध्ये विरघळणारे असतात, अंगी लागायला बरोबर थोडं तरी फॅट लागतंच. सगळ्या वाटीला मिळून एक छोटा चमचा तेल, हे डॉक्टरांनी सांगितलेल्या कमी तेलाच्या हिशोबात बसायला हरकत नाही, पण मिस्टरांचं रोजचं माप किती ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

आणि वाढताना वरून ओतू नका. मोठ्या पातेल्यात भाज्या घ्या, दोनच चमचे ड्रेसिंग घाला आणि हातानं कालवा, प्रत्येक फोडीला पातळ थर बसतो. वरून ओतलं की तेवढ्याच भाजीला चार-पाच चमचे लागतात आणि खालच्या फोडी तरीही कोरड्याच राहतात.

प्रश्न : आमच्याकडं घरच्या म्हशी. टोन्ड दूध विकत आणायचं म्हणजे सासूबाईंना पटणारच नाही. म्हशीच्या दह्याचं ड्रेसिंग हलकं कसलं होणार?
— गडहिंग्लजहून एक सून

उत्तर : होतं की, काळजीच करू नका. गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध पिणारा आपला जिल्हा, इथं घरच्या म्हशी सोडून टोन्ड दूध आणा असं मी कुणाला सांगणार नाही.

हिशोब बघा. म्हशीच्या दुधात साधारण 6 ते 7 टक्के फॅट, गाईच्या साडेतीन-चार. दही बांधलं आणि पाणी निथळून ते वजनानं निम्म्यावर आलं की चक्क्यात ते 12-14 टक्क्यांपर्यंत जातं. आणि मेयोत 70 ते 80! म्हणजे साय न काढता लावलेल्या म्हशीच्या दह्याचा चक्का सुद्धा मेयोच्या पुढं हलकाच. आणखी कमी करायचं असेल तर दूध तापवून गार करा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी वरची जाड साय काढून घ्या आणि खालच्या दुधाला विरजण लावा. साय तुपाला जाते, सासूबाई खूश, आणि दही तरीही घट्टच लागतं कारण म्हशीच्या दुधात प्रोटीनही गाईच्यापेक्षा जास्त असतं. खरं सांगायचं तर ड्रेसिंगला मला हेच दही सगळ्यात आवडतं, कवडी पडते त्याची. त्यात वेगळं तेल घालूच नका, दह्याचं फॅट पुरेसं आहे.

प्रश्न : मी दह्याचं ड्रेसिंग करते, करताना छान घट्ट असतं पण जेवायला बसेपर्यंत सॅलडच्या तळाला पाणीच पाणी. काय चुकतंय?
— मंगळवार पेठ

उत्तर : ड्रेसिंगचं काही चुकत नाहीये, पाणी भाजीचं आहे. काकडीत 95 टक्के पाणी असतं, मीठ लागलं की ते बाहेर यायला लागतं, टोमॅटोचंही तसंच. शिवाय दह्यात मीठ घालून ठेवलं की त्यालाही थोडं पाणी सुटतं.

काकडी कोचवून घालणार असाल तर मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि मुठीत घट्ट पिळून घ्या, ते पाणी कणकेत जातं. मग ड्रेसिंगला वेगळं मीठ घालायच्या आधी चाखून बघा, बहुतेक वेळा लागतच नाही. फोडी करणार असाल तर मधला बियांचा भाग चमच्यानं काढून टाका. टोमॅटोचं पण तेच, आतला गर काढून आमटीत घाला.

लेट्यूस, आइसबर्ग, कोबी असलं पानाचं काही असेल तर ते धुतल्यावर कोरडं करणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे बहुतेक घरात होत नाही. कपिलतीर्थ मार्केटमधून भाजी आणली, धुतली, दोनदा झटकली आणि चिरली, असं चालतं. पानावर पाणी राहिलं की ड्रेसिंग पानाला धरतच नाही, घसरून तळाला जातं, मग आपल्याला वाटतं कमी पडलं आणि आपण अजून घालतो. मोठ्या पंच्यात पानं गुंडाळा, पंच्याची चारही टोकं धरा आणि गॅलरीत जाऊन गरागरा फिरवा. भिंतीवर शिंतोडे उडतील, उडू देत. पाच मिनिटं पसरून ठेवली की पानं कुरकुरीत होतात.

कालवणं अगदी ताटं घेतल्यावर. पाहुणे यायचे असतील आणि आधीच कालवून ठेवायचंच असेल तर एक चमचा दाण्याचं कूट घाला, कोशिंबिरीत घालतो तसं, ते सुटलेलं पाणी ओढून घेतं. मात्र कूट मूठभर पडलं की हलकेपणा गेला, हे लक्षात असू द्या.

प्रश्न : पोरगं तालमीत जातंय, वय 19. चपाती असो ऑम्लेट असो, सगळ्यावर मेयो. आता मोबाइलवर बघून घरीच कच्च्या अंड्याचं करतोय, म्हणतोय घरचं आहे म्हणजे चांगलंच. बरोबर आहे का हे?
— इचलकरंजीहून एक वडील

उत्तर : दादा, तो घरी करून खातोय ही चांगलीच गोष्ट, त्याला ओरडू नका. पण कच्चं अंडं थांबवा. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला नावाचे जंतू पोटात जायचा धोका असतो, आणि मेयो करून बाहेर ठेवलं की जंतू वाढायला त्याच्यासारखी जागा नाही. तेलंगणानं 2024 मध्ये आणि तामिळनाडूनं 2025 मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोवर एक वर्षाची बंदी घातली ती याच कारणानं. तालमीतल्या पोराला जुलाब-उलट्या लागल्या तर महिन्याची मेहनत आठवड्यात जाते.

त्याला हे सांगा की मेयोत प्रोटीन जवळजवळ नसतंच, चक्क्यात मात्र 100 ग्रॅमला 7-8 ग्रॅम मिळतं. हे ऐकलं की तो स्वतःच चक्का बांधायला घेईल. अंडं पाहिजेच असेल तर उकडून घ्या, दोन अंड्यांचे बलक काट्यानं बारीक मोडा, दोन चमचे चक्क्यात चोळून एकजीव करा, लिंबू, मीठ, मिरपूड. उकडलेल्या बलकाचा दाटपणा मेयोच्या फार जवळ जातो, आणि पांढरा भाग चिरून त्याच सॅलडमध्ये टाका.

आणि कोल्हापूरकडचं पोरगं म्हटल्यावर नुसतं पांढरं किती दिवस खाणार, त्याला खर्डा घालून द्या. पाच-सहा हिरव्या मिरच्या, चार लसूण पाकळ्या तव्यावर थेंबभर तेलात काळे डाग पडेपर्यंत भाजायच्या, थोडे शेंगदाणे आणि जाड मीठ घालून तव्यातच वाटीच्या बुडानं रगडायचं. अर्धवटच ठेवा, मिरचीचं साल दिसलं पाहिजे. पूर्ण गार झाल्यावर (गरम घातला तर चक्का फुटतो) एक चमचा खर्डा पाच चमचे चक्क्यात मिसळा. भाकरीबरोबर, उकडलेल्या अंड्यावर, गाजराच्या कांड्यांबरोबर, कशाबरोबर पण घ्या, नाद खुळा लागतं!

प्रश्न : मला दूध-दही सोसत नाही, पोट फुगतं. सगळ्या हलक्या ड्रेसिंगच्या कृती दह्याच्याच दिसतात. आमच्यासारख्यांनी काय करायचं?
— कसबा बावडा

उत्तर : तुमचं उत्तर आपल्या पांढऱ्या रश्श्यात आहे. त्याला तो पांढरा दाटपणा कशानं येतो? काजू, तीळ, खसखस आणि नारळाचं दूध. दह्याचा थेंब नसला तरी रस्सा क्रीमी लागतो. हेच वाटण थंड करून ड्रेसिंगला चालतं, फक्त एक अडचण आहे, काजू आणि तीळ दोन्ही तेलाचेच. 100 ग्रॅम काजूत साडेपाचशेच्या वर कॅलरी, म्हणजे नुसत्या काजूचं ड्रेसिंग केलं तर ते दह्याचं नसलं तरी हलकं मुळीच नाही, आणि व्हीगन म्हणून ते बिनधास्त खाल्लं जातं हे मला खटकतं.

म्हणून त्यात फ्लॉवर घाला. फ्लॉवरचे दहा-बारा तुरे मिठाच्या पाण्यात अगदी मऊ उकडा, बोटानं दाबला की लगदा झाला पाहिजे. सहा-सात काजू आणि एक चमचा पांढरे तीळ अर्धा तास गरम पाण्यात भिजवा. आधी काजू-तीळ थोड्या पाण्यात गंधासारखे वाटून घ्या, मग निथळलेला फ्लॉवर घालून परत फिरवा, इथं मिक्सर हवाच, आणि दोन-तीन मिनिटं सलग. मग लिंबू, मीठ, फेसलेली मोहरी. फ्लॉवरचा वास लागेल अशी भीती वाटते पण मोहरी आणि लिंबात तो दबून जातो. गरम असताना पातळ वाटतं, फ्रीजमध्ये तासभर ठेवा, घट्ट होतं. नारळाचं दूध मात्र यात घालू नका, थंड झाल्यावर त्यातलं फॅट गोठतं आणि कणी-कणी लागते.

प्रश्न : एका कॅफेत रँच ड्रेसिंग खाल्लं, फार आवडलं. घरी जमेल का?
— शाहूपुरी, कॉलेजची विद्यार्थिनी

उत्तर : जमेल, आणि आपल्याला तर सोपंच आहे कारण रँचचा जीव ताकात आहे. 1950 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका रँचवर पाहुण्यांना वाढता वाढता ते लोकप्रिय झालं. ताक, मेयो, लसूण, कांदा आणि शेपूसारखे हिरवे पाले हा त्याचा मूळ ढाचा. मेयोच्या जागी चक्का घे, घुसळलेल्या ताकानं ओतता येईल इतकं सैल कर. शेपू अगदी बारीक चिरून एक चमचा, कांद्याच्या पातीचा हिरवा भाग दोन चमचे, लिंबातला लसूण, मिरपूड, मीठ. शेपूचे देठ घेऊ नकोस, नुसती पानं. अर्धा तास झाकून ठेवलं की शेपूचा वास त्यात उतरतो. घरात शेपूला नाक मुरडणारे असतील त्यांनाही यातली आवडते.

प्रश्न : बाजारात लो फॅट मेयो मिळतं, ते घेतलं तर एवढा खटाटोप कशाला? आणि हे दह्याचं मुलांच्या डब्यात देता येईल का, किती दिवस टिकतं?
— कागल

उत्तर : घ्यायचं तर घ्या, पण बाटली उलटी करून मागचं बारीक वाचा. साहित्याची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेली असते, जे सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी. तेलानंतर लगेच पाणी, साखर, स्टार्च असं दिसलं तर कमी केलेल्या तेलाची जागा कशानं भरलीय ते कळतं. मीठ म्हणजे सोडियमही बघा, घरात बीपीचं कुणी असेल तर जास्तच. आणि कॅलरीचा आकडा 100 ग्रॅमचा आहे का एका सर्व्हिंगचा, आणि सर्व्हिंग किती ग्रॅमचं धरलंय, हे बघितल्याशिवाय दोन बाटल्यांची तुलना करू नका. वेळच नाही अशा आठवड्यात मी सांगेन की एक चमचा मेयो आणि तीन चमचे चक्का मिसळा. चव मेयोची राहते, तेल बरंच उतरतं, आणि बाटलीची सवय लागलेल्या मुलांना चक्क्याकडं वळवायलाही हा रस्ता बरा, हळूहळू मेयोचं प्रमाण कमी करत न्यायचं.

टिकण्याचं म्हणाल तर नुसता चक्का झाकणाच्या काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये चार दिवस चांगला राहतो. लसूण, पाला घातलेलं ड्रेसिंग दोन-तीन दिवसांत संपवा, म्हणजे चक्का एकदम बांधा आणि ड्रेसिंग लागेल तसं थोडं थोडं करा. बरणीत ओला किंवा खरकटा चमचा जाऊ देऊ नका. डब्याला थंडीत चालेल, छोट्या घट्ट झाकणाच्या डबीत, भाजीपासून वेगळं, आणि मधल्या सुट्टीत दोन तासांच्या आत खाल्लं जाणार असेल तरच. उन्हाळ्यात देऊ नका, त्याऐवजी गाजर-काकडीबरोबर दाण्याची सुकी चटणी आणि लिंबाची फोड द्या, आणि ड्रेसिंगचं सॅलड मुलं घरी आल्यावर संध्याकाळी.